लांब ओढ

१

दुपारची भांडी घासून झाली, की मिस्त्रीण हात पुसत आतल्या खोलीत यायची, खिडकीचा पडदा अर्धा ओढायची आणि नवऱ्याचा उजवा हात बांधायची.

बांधायची म्हणजे अगदी बांधायचीच. त्यासाठी जाड नाडीची पट्टी तिने स्वतः शिवली होती, दुहेरी टीप घालून. मिस्त्रींच्या मांडीवर उशी, उशीवर तो खेळाचा कंट्रोलर, आणि त्याच्या उजव्या मुठीवर त्यांचा तो मेलेला हात. अंगठा उचलून उजव्या दांडीवर ठेवायचा, बाकीची बोटं मुठीभोवती वळवायची, वरून पट्टी आवळायची. मग ती त्यांच्या डाव्या अंगाला बसायची आणि डाव्या दांडीवर आपला अंगठा टेकवायची. एक कंट्रोलर, दोन माणसं. असं कुणी खेळत नाही म्हणे. नसेना का!

ही युक्ती व्यायामवालीची. मिस्त्रींच्या मेंदूत गाठ अडकली आणि उजवं अंग आणि वाचा एकाच सकाळी गेली, तेव्हापासून ही पोरगी घरी येऊन त्यांचे हातपाय वळवून द्यायची. "काकू, नुसता व्यायाम कंटाळवाणा होतो. माझ्या भावाचा जुना खेळ माळ्यावर पडलाय, तो आणते. अंगठ्याला काम मिळेल." मिस्त्रीणने आधीच बजावलं होतं, "मारामारीचा आणू नकोस हं. घरात एक माणूस पडलाय तेवढं पुरे."

म्हणून हा खेळ. पडद्यावर समुद्राकाठची वाळू आणि पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस, आपल्याकडे पाठ करून उभा. डाव्या दांडीने तो चालायचा, उजव्या दांडीने आपली नजर फिरायची, वाळूवर, खडकांवर, पाण्यावर. शिंपले दिसले की जाऊन उचलायचे. बाकी काही नाही. माणसाचं तोंड कधी दिसायचं नाही, कारण नजर फिरवली की तोही पाठ करून वळायचा.

"चालणं माझ्याकडे, बघणं तुमच्याकडे," ती मिस्त्रींना म्हणायची. "जन्मभर दुसरं काय केलं आपण?"

आणि ते खरंच होतं. दोघांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्यात एकच मशीन, पण ते दोन माणसांशिवाय चालायचं नाही. ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, तंबू, असला जाड माल. सुईपाशी मिस्त्रीण बसायची. मशीनच्या पाठीमागे मिस्त्री उभे राहून शिवलेला माल ओढून घ्यायचे, टाच रोवून, अंग मागे टाकून. आवाज एवढा, की कानाशी तोंड नेलं तरी शब्द पोचायचा नाही. मग दोघं कापडातून बोलायची. एक हिसका म्हणजे चालू दे. दोन हिसके म्हणजे थांब. आणि एक लांब, न सुटणारी ओढ म्हणजे हात काढ.

ही तिसरी खूण सहसा यायची नाही. एकदा मिस्त्रीणची तंद्री लागली आणि डावी तर्जनी सुईखाली चालली होती. मिस्त्रींनी सगळा माल असा खेचला, की सुई मोडली, ताडपत्री फाटली, दिवसभराचं काम मातीत गेलं. बोट मात्र वाचलं. टोकाशी पांढरा व्रण राहिला तेवढाच.

इस्पितळात ते शुद्धीवर आले, पण बोलता येईना, तेव्हा तिने भीत भीत चादरीला एक हिसका दिला. मिस्त्रींनी डाव्या हाताने चादरीला एक हिसका दिला. नर्सला वाटलं, पांघरूण हवंय. मिस्त्रीण बाहेरच्या बाकावर जाऊन पोटभर रडून आली. माणूस आत होता, शाबूत होता. आता फक्त तो हात यायला हवा होता. हात आला की शेडचं कुलूप उघडणार होतं, मशीन चालणार होतं. तिला देवाकडे याहून जास्त काही मागायचं नव्हतं.

व्यायामवालीने आडपडदा ठेवला नव्हता. "काकू, बोटांत हालचाल लवकर दिसली तर आशा. उशीर झाला, तर हात तसाच राहतो."

२

त्या दुपारी पिवळा रेनकोट खडकांपर्यंत पोचला होता. मिस्त्रीण त्याला पाण्याच्या कडेकडेने नेत होती आणि पडद्यावरची नजर एकदम हलली. उजवीकडे, बारीकशी. लगेच परत जागेवर.

तिचा अंगठा दांडीवर थिजला.

"अहो?"

मिस्त्री पडद्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू उतरलेली असायची, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. तिने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो दांडीवर तसाच, मेणाचा असावा तसा.

पुन्हा हिसका. एकच.

चालू दे.

"अगबाई!" मिस्त्रीण उठली, बसली, परत उठली. "अहो, तुम्ही केलंत? पुन्हा करा. करा ना!"

पुन्हा एक हिसका. तिने त्यांच्या कपाळाची पापी घेतली, या वयात, उघड्या खिडकीसमोर. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई बघत राहिली, तर राहू दे. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली आणि तो चहाही गोड मानून घेतला.

एवढंच तिला जरा खटकलं, की मिस्त्रींचा डावा हात तिच्या हातावर येऊन पडला होता आणि तो थरथरत होता. आनंदाने, ती म्हणाली. आनंदाने माणूस थरथरणारच.

३

व्यायामवाली आली तेव्हा मिस्त्रीणने तिला दारातच धरलं. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"बस इथे आणि डोळे उघडे ठेवून बघ."

पट्टी बांधली, खेळ लावला. हिसका आला. पोरगी टाळी वाजवायला गेली आणि मध्येच थांबली. अंगठ्याशी वाकून बघायला लागली. मग काही न बोलता तिने पट्टी सोडवली आणि मिस्त्रींचा हात अलगद उचलून पांघरुणावर ठेवला.

कंट्रोलर उशीवर एकटा पडला होता. कुणाचं बोट त्याला लागलेलं नव्हतं.

पडद्यावरची नजर हलली. हिसका. जरा थांबून, हिसका.

"काकू," पोरगी खालमानेने म्हणाली, "हा कंट्रोलरच खराब आहे. जुना झाला की दांडी आपोआप सरकते. माझा भाऊ याच कटकटीने वैतागून नवीन घेऊन बसला. मी आधी नीट बघायला हवं होतं. सॉरी."

 एवढे दिवस मिस्त्रीण एका मोडक्या खेळण्याशी हितगुज करत होती! कपाळाची पापी घेतली होती! लाज, संताप आणि रडू एकदमच उसळलं, आणि असं झालं की तिचा संतापच आधी बाहेर पडायचा.

"मग दुरुस्त करून आणते. माझ्या घरात खोटं काही चालायचं नाही. हात हलायचा तर हातच हलेल, नाही तर काहीच हलायचं नाही."

त्याच क्षणी पडद्यावर दोन हिसके आले. लागोपाठ. मध्ये थोडं अंतर, आणि पुन्हा दोन.

मिस्त्रीणने ते पाहिले. त्यांचा अर्थ तिला जन्मभर माहीत होता, तो पुसला कसा जाणार? पण दुधाने तोंड पोळलेलं होतं. तिने टीव्ही बंद केला आणि कंट्रोलर पिशवीत टाकला. निघताना मिस्त्रींनी डाव्या हाताने तिची ओढणी धरली होती. तिने ती सोडवून घेतली.

"आलेच," ती म्हणाली. "जाऊन येते नुसती."

४

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. भिंतभर मोबाइलची उघडी पोटं आणि मधोमध जाड चष्म्याचा एक गडी, डोक्याला दिवा बांधलेला.

"नातवाचा?" त्याने विचारलं.

"माझा. का, म्हाताऱ्या बायकांना बंदी आहे?"

"छे छे! तुम्ही खेळा हो. नातवंडांना हरवा." त्याने कंट्रोलर टीव्हीला जोडला. पडद्यावर कसलीशी पांढरी चौकट आली आणि तिच्यात एक ठिपका. ठिपका हलला. दोन हिसके. थोडं अंतर, दोन हिसके.

"बघा, थरथरतोय. आतली पट्टी झिजली की असंच होतं."

"असंच? दोन-दोनच?"

"कधी दोन, कधी चार. यंत्र आहे, काकू. त्याच्या थरथरीला काय अर्थ असतो?"

यंत्राच्या थरथरीला अर्थ असतो की नाही, हे तिला कुणी विचारायला नको होतं.  गडी स्क्रू काढत होता, तिच्या मशीनचे स्क्रू ती काढायची तसेच, ओळीने मांडत. उजवी दांडी त्याने तापल्या सळईने टाका वितळवून सोडवली. छत्रीएवढी, म्हणजे कुत्र्याच्या छत्रीएवढी काळी टोपी, खाली नखाएवढी डबी. ती बाहेर आली आणि पडद्यावरचा ठिपका एकदम शांत झाला. इतका शांत, की मिस्त्रीणला दुकानाबाहेरच्या रस्त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

नवी दांडी बसली. जुनी त्याने केराच्या डब्याकडे भिरकावली.

"ए! ती इकडे दे."

"कचरा आहे तो."

"असू दे. आमच्या धंद्यात जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यायची रीत आहे. काढलेली सुईसुद्धा आम्ही ठेवून घेत नाही."

"घ्या बाबा! फ्रेम करून लावा," गडी हसला आणि त्याने ती दांडी केरातून काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती. आताच तर तापवली होती, मिस्त्रीण मनाशी म्हणाली. मग? कोमट नसेल तर काय असेल!

घरी येऊन तिने ती स्वयंपाकघरातल्या बटणांच्या डब्यात टाकली.

५

नव्या दांडीने खेळ गुळगुळीत चालला. नजर जागच्या जागी. मिस्त्रींचा अंगठा लाकडाचा. ती डाव्या दांडीने पिवळ्या रेनकोटला उगाच इकडून तिकडे नेत राहिली, आणि मग तेही नको झालं. गॅसवर दूध होतं म्हणून ती उठून गेली.

परत आली तेव्हा पडद्यावरची नजर फिरत होती.

हिसका नाही. सरळ, एकसारखी, समुद्रावरून खडकांवर, खडकांवरून वाळूवर, परत समुद्रावर. पूर्ण गोल. पुन्हा पूर्ण गोल. तिने पट्टी सोडवली. या खेपेला ती फसणार नव्हती. मिस्त्रींचा हात तिने उचलला. नजर थांबली. हात परत ठेवला. अंगठा आपणहून दांडीवर चढला, रेलला, आणि नजर पुन्हा फिरायला लागली.

हात आला होता.

तिने नवस बोलले होते ते आठवेनात, एवढे होते. व्यायामवाली तर रडलीच. "काकू, असं मी पाहिलेलंच नाही!" पुढच्या खेपेला मिस्त्रींनी चमचा धरला, त्याच्या पुढच्या खेपेला पेला. सांडलं नाही. एक थेंब सांडला नाही. आणि मिस्त्रीण हसत हसत तोंड पुसायला रुमाल घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. ज्या माणसाचा हात इतके दिवस मेलेला होता, त्याचं थोडं तरी सांडायला नको?

"डावा का वापरत नाहीत हल्ली?" तिने विचारलं.

डावा हात पांघरुणावर पडलेला होता, तळवा वर करून, बोटं अर्धी मिटलेली. उजवा पूर्वी पडायचा, अगदी तसा.

"होतं असं. मेंदूचं सगळं लक्ष आता इकडे आहे ना," पोरगी म्हणाली. "येईल तोही. तुम्ही आता आनंदात राहा बघू."

मिस्त्रीण आनंदात राहिली. म्हणजे, राहायचा प्रयत्न केला. पण पूर्वी ती खोलीत आली की मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघायचे. आता तिच्या हातांकडे बघत. ती भांडं ठेवी, नजर हातावर. ती पांघरूण सारखं करी, नजर हातावर. गिऱ्हाईक माल बघतं ना, तसं. "अहो, काय बघताय?" असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून 'अहो' निघेना. जन्मभर दिवसातून शंभरदा म्हटलेला शब्द, जिभेवर येऊन अडून बसला.

६

आवाज स्वयंपाकघरातून यायचा.

पहिल्यांदा तिला वाटलं, फ्रिज. जुना आहे, खडखडतो. तिने फ्रिजचं बटण बंद केलं. खडखड, खडखड. मग वाटलं, उंदीर. मग, खालून ट्रक जात असेल. ट्रक काय दिवसभर एकाच घराखालून जातो? तिने स्वतःलाच झापलं. इतकी वर्षं यंत्रांपाशी काढलेली बाई, आवाज कुठून येतो हे तिला कान लावल्याशिवाय कळतं. कळूनही ती फ्रिजशी का झगडत होती, हे तिचं तिला ठाऊक.

फळीवरचा बटणांचा डबा हलत होता. खडखड. थोडं अंतर. खडखड.

तिने तो उचलून मागच्या बाल्कनीत ठेवला आणि दार लावलं. दिवसभर घरात हिंडताना ती त्या दाराच्या बाजूला मान वळू देत नव्हती. कपडे वाळत घालायचे राहिले. संध्याकाळी व्यायामवालीचा फोन आला. "मग काकू, काय म्हणतोय हात?"

"हात बरा आहे," मिस्त्रीण म्हणाली.

"आणि काका?"

एवढा साधा प्रश्न. तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर, लख्ख उन्हात, तिने बाल्कनीतून डबा आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. बटणं सगळी कडेला सारली गेली होती, मधोमध वाटीएवढी जागा रिकामी. त्या जागेत जुनी दांडी उभी होती. तिला ना वायर, ना वीज. आतल्या स्प्रिंगने ती सरळ राहायला हवी. ती कलली होती. कुणी अंगठ्याने दाबून धरावी, तशी बाजूला कलली होती, आणि टोपीच्या काळ्या रबरावर बारीक खळगा पडला होता.

ती सुटली. कलली. सुटली. कलली.

दोन.

मिस्त्रीणने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. ओरडली असती तर आतल्या खोलीत ऐकू गेलं असतं, आणि आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये, हे तिला का वाटलं, ते कुणी विचारू नये.

७

आधी तिने आत जाऊन खात्री करून घेतली. आततायी बाई नव्हती ती. मिस्त्री डोळे मिटून पडले होते. पायथ्याशी उभं राहून तिने चादरीची कड धरली आणि एक हिसका दिला.

हा माणूस गाढ झोपेतसुद्धा उत्तर द्यायचा. सवयच हाताची. तापाने फणफणलेला असताना दिलं होतं.

डोळे उघडले. चादरीकडे वळले. मग चादर धरलेल्या तिच्या बोटांकडे. तोंडाची डावी बाजू वर गेली आणि उजवीही वर गेली. दोन्ही सारख्या. छान हसू होतं. उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा हिसका दिला. ते हसू तसंच राहिलं.

मिस्त्रीण उलट्या पावलांनी बाहेर आली. टेबलाच्या खणातून तिने ताडपत्रीचा मेणदोरा काढला, पूर्ण रीळ. गाठ बरोबर बसली, दांडीच्या टोपीखाली, मानेभोवती. खालची डबी सरकू नये म्हणून तिच्यावर लोखंडी कात्री टेकवून ठेवली. दोरा थोडा उलगडला, ताठ धरला. आणि एक हिसका दिला. अगदी हलका, पहिलटकरणीने पाळण्याची दोरी ओढावी तसा.

दोऱ्यातून उत्तर आलं. एक.

त्या एका हिसक्यात काय होतं ते सांगता यायचं नाही. मालाच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं वजन होतं. हात ओळखू येतो. आवाज बदलेल, तोंड बदलेल, कापडाच्या दुसऱ्या टोकाचा हात बदलत नाही.

"अहो," मिस्त्रीण म्हणाली. शब्द आपोआप निघाला. "अहो, तुम्ही इथे?"

एक.

"आणि तिथे?" तिने आतल्या खोलीकडे मान केली. "अहो, तिथे कोण आहे?"

या प्रश्नाला त्यांच्या भाषेत उत्तरच नव्हतं. तीन शब्दांची ती भाषा.  मग दोन हिसके आले. पुन्हा दोन. पुन्हा दोन. दोरा तिच्या बोटात रुतायला लागला.

थांब. थांब. थांब.

तिने स्वतःच्या हाताने नेऊन दुरुस्त करून आणलं होतं. ओढणी धरली होती त्यांनी, ती सोडवून घेतली होती.

आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. उशी खाली पडल्याचा मऊ आवाज आला. आणि मग हाक. वाचा गेलेल्या माणसाने मारलेली हाक, घोगरी, पण शब्द अगदी स्वच्छ.

"ये."

८

ती गेली का? तर गेली. तिला मूर्ख म्हणणाऱ्याने आधी एवढे महिने एका माणसाचं तोंड पुसून, कूस बदलून, मेलेला हात चोळून दाखवावा. खोलीत जे काही होतं, ते मिस्त्रींच्या अंगात होतं. ते अंग तिला रस्त्यावर टाकता येणार होतं का? आणि तिच्या मनाचा एक कोपरा अजून म्हणत होता, बोलले! अगं, बोलले ते! दोरा-बिरा तुझ्या डोक्यातला आहे. आत तुझा नवरा बोलला आणि तू बटणांच्या डब्याशी बोलत बसलीस.

दोरा मात्र तिला सोडवेना. रीळ तिच्या मुठीत होतं. ती चालत गेली तसं ते उलगडत गेलं, टेबलावरून, दारातून, बोळातून. पलंगापाशी पोचल्यावर तिने दोरा डाव्या तर्जनीला गुंडाळला, व्रणाच्या खाली, आणि तो हात पाठीमागे धरला.

ते पलंगावर बसले होते. आधाराशिवाय. डावा हात मांडीवर पडलेला. उजवा पुढे केलेला, तळवा वर.

टीव्ही चालू होता. तिने लावला नव्हता. कंट्रोलर जमिनीवर पडला होता, उशीच्या बाजूला, आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं. पडद्यावर वाळू, समुद्र, आणि लांबवर पिवळा ठिपका.

"ये," ते पुन्हा म्हणाले.

तो हात तिने ओळखला. मधल्या बोटाला कात्रीचा घट्टा. अंगठ्याच्या नखात लहानपणी मारलेल्या हातोडीची चीर. किती तरी दुपारी तिने हा हात मांडीवर घेऊन विनवलं होतं, एकदा धर रे मला, एकदाच. आता तो धरायला तयार होता.

मिस्त्रीणने आपला उजवा हात त्या हातात दिला.

बोटं मिटली. ऊब होती. पकड होती, पूर्वीसारखी, नाही, पूर्वीपेक्षा चांगली. तिचे डोळे भरून आले. अंगठा तिच्या हाताच्या पाठीवर आला आणि बोटांच्या गाठींमधली जागा चाचपत चाचपत एका जागी स्थिर झाला. रेलला.

आणि पाठीमागे, डाव्या तर्जनीवर, दोरा ताणला गेला.

हिसका नव्हता. एक नाही, दोन नाहीत. दोरा ताठ झाला आणि ताठच होत गेला. पाठीमागचा हात खांद्यापासून दाराकडे ओढला गेला. मेण कातडीत शिरलं. स्वयंपाकघरात कात्री फरफटल्याचा आवाज आला, मग डबा उलटला आणि सगळी बटणं घरभर घरंगळत सुटली. तरी ओढ सुटली नाही. लांब. लांब. तिने मान वळवली आणि तिला पडदा दिसला. पिवळा रेनकोट पाठमोरा नव्हता. तो तिच्याकडे तोंड करून उभा होता, फार लांब, नाकडोळे दिसू नयेत इतका लांब. पण उभं राहण्याची ती तऱ्हा तिने जन्मभर मशीनच्या पलीकडे पाहिली होती. टाच वाळूत रोवलेली. अंग मागे टाकलेलं. दोन्ही हातांनी, जीव खाऊन, काहीतरी ओढत होता.

हात काढ.

मिस्त्रीणने हात काढला. हात निघाला नाही.

तिने पाय पलंगाला लावून जोर केला. पकड घट्ट झाली नाही, सैलही झाली नाही. यंत्राची असावी तशी होती तेवढीच राहिली. मग तो अंगठा हलायला लागला. तिच्या हाताच्या पाठीवर, सावकाश, एकसारखा, कडेकडेने गोल.

आणि पडदा तिच्या डोळ्यांसमोरून सरकायला लागला.

तिला वाटलं, टीव्हीच हलतोय. टीव्ही जागेवर होता. तिची मान वळत होती. ती वळवत नव्हती. पडद्याची कड गेली, पिवळा ठिपका गेला. भिंत आली. भिंतीवरचं कॅलेंडर, एकसारख्या वेगाने. खिडकी. अर्धा ओढलेला पडदा, समोरची गच्ची, वाळत घातलेले कपडे, उभी राहून इकडे बघणारी ती बाई. मिस्त्रीणने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तोवर खिडकी मागे पडली. डोळे मिटावेत, तर पापण्या तिच्या राहिल्या नव्हत्या. चालणं माझ्याकडे, बघणं तुमच्याकडे. तिनेच तर रोज म्हटलं होतं.

पलंगाचा खांब आला. गादीची कड आली. त्यांचा खांदा आला.

बोटावरचा दोरा अजून ओढतच होता.